चिंचेच्या वखारीतलं वाक्य

माझी पहिली कादंबरी मी आधी तोंडी सांगितली. ऑफिसात, जेवणाच्या सुटीत, आणि तीही मराठीत नाही. सुरुवात तेलुगूत करायची, शब्द अडला की हैदराबादी हिंदीवर उतरायचं आणि राग आला की मराठीत बोलून मोकळं व्हायचं. ऐकणारी एकच होती. गुंटूरकडची, माझ्याहून वयानं मोठी, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी. मी तिला अक्का म्हणायची. तिला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

राज्य सरकारच्या एका खात्याची मुख्य कचेरी हैदराबादेत नामपल्लीच्या बाजूला आहे. तिथं मी सीनियर असिस्टंट होते. घर नल्लकुंट्यात. आम्ही मूळचे नांदेडकडचे. वडील हैदराबाद राज्य अजून अखंड होतं तेव्हा इथं आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपात लागले. ज्या वर्षी त्या राज्याचे तीन तुकडे झाले, त्याच वर्षी वडिलांनी बुद्धाचा धम्म घेतला. गाव तिकडं गेलं, नोकरी इकडं राहिली. वडील म्हणायचे, त्या साली माझं सगळंच बदललं, फक्त पत्ता तेवढा तोच राहिला.

ते पर्मनंट होईपर्यंत आई गौलीगुड्याच्या बाजारात एका चिंचेच्या वखारीत कामाला जायची. बायका ओळीनं बसून चिंच फोडायच्या, चिंचोके एकीकडं, गर एकीकडं. हात काळे पडायचे आणि नखांच्या कडा आंबून सोलवटून निघायच्या. आमच्या बायकांसाठी पाण्याचा माठ वेगळा होता, म्हणजे नव्हताच. मुनीम वरून तांब्या धरायचा आणि ह्यांनी ओंजळ पुढं करायची. एक दिवस सेठ स्वतः वखारीत आला होता, तेव्हा आईनं त्याला तोंडावर विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती की तिच्यातलं काही नवं राहिलं नव्हतं. माझी कादंबरी त्या वखारीतल्या बायकांची.

लिहायला वेळ कुठून काढता, असं मला आता सारखं विचारतात, म्हणून सांगते. संध्याकाळी ऑफिसातून आले की मी साडी बदलायची नाही. साडी बदलली की मी घरची होते. मग भाजी, कणीक, मुलीचा अभ्यास, आईचं औषध. म्हणून ऑफिसच्या साडीतच, पर्स खांद्यावरून खाली ठेवून, जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि दुपारी अक्काला सांगितलेलं उतरवून काढायची. घरातल्यांना वाटायचं मी ऑफिसचं काम करतेय. तो गैरसमज मी दूर केला नाही. ऑफिसचं काम म्हटलं की कुणी मधे बोलत नाही; कादंबरी म्हटली असती तर मीठ कुठं ठेवलंय असं विचारलं असतं.

अक्का डबा उघडायची, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी न विचारता माझ्या भातावर घालायची आणि म्हणायची, सांग, काल कुठं सोडलं होतंस. एकदा मी बाजाराचं वर्णन करत होते. बैलांच्या बंड्या, हमाल, गोण्या, मिरचीचा खकाणा, उन्हात झोपलेली जनावरं. मला ते फार आवडलं होतं. अक्का खाली मान घालून जेवत होती. मग तिनं डब्याचं झाकण लावायला घेतलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, “ती बाई सकाळपासून चिंच फोडतेय. तिनं काय खाल्लं ते तू सांगितलंच नाहीस. मी तिच्यासाठी थांबलेय.”

मला राग आला. दोन दिवस मी तिला गोष्ट सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी बाजार सगळा काढून टाकला आणि त्या बाईच्या फडक्यातल्या ज्वारीच्या भाकरीपासून सुरुवात केली. लेखनाबद्दल मला जे काही कळलं ते बहुतेक असंच कळलं. समोरचा माणूस कंटाळला की त्याच्या हाताला आधी कळतं. झाकणाकडं, पदराकडं हात जातो. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. आणि ऐकणाऱ्याला तुमची भाषा येत नसेल तर उत्तमच, कारण मग सुंदर शब्दांमागं लपता येत नाही. काय घडलं एवढंच हातात राहतं.

त्याच वर्षांत वेगळ्या तेलंगणाचं आंदोलन पेटलं. आज बंद, उद्या बसेस बंद, परवा युनिव्हर्सिटीकडं लाठीमार. मग सरकारी नोकरांचा मोठा संप झाला आणि आमची कचेरी आठवडेच्या आठवडे ओस पडली. खरं सांगायचं तर मी त्या आंदोलनाच्या बाजूनं होते. इथल्या लोकांच्या तेलुगूला सिनेमात कायम नोकराच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी घातलं जायचं. शाळेत मास्तर त्यांना हसायचे. आपल्या आईची बोली दुसऱ्याच्या करमणुकीला वापरली जाते तेव्हा काय होतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी संपात होते, मोर्चातही गेले.

पण संप मिटून ऑफिस भरलं तेव्हा टेबलं सरकलेली होती. आंध्रकडचे एका बाजूला, तेलंगणचे दुसऱ्या बाजूला. कुणी हुकूम काढला नव्हता, तरी जेवणसुद्धा वेगळं झालं. मी डबा घेऊन आंध्रच्या बाजूला अक्काकडं गेले तर हॉलभर माना वळल्या. संध्याकाळी युनियनचा सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आला. भला माणूस, माझ्याच वयाचा, माझ्या मुलीच्या ॲडमिशनला मदत केलेला. त्यानं हळू आवाजात सांगितलं की मी तिच्याबरोबर बसू नये, युनियनची मुलं चिडलेली आहेत, काही बोलतील. मी म्हटलं, बोलू देत. तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला काय पडलंय? तुम्ही मराठी. उद्या तुम्हाला नांदेडला पाठवलं तर तिकडं जाल.”

माझा जन्म इथला. माझ्या बापाला अग्नी दिला तोही इथंच. मी त्याला विचारलं की तुझ्या आजोबांचं गाव कुठलं. तो म्हणाला, करीमनगरकडचं. मी म्हटलं, मग तुलाही पाठवू करीमनगरला, तू इथं कसा? तो हसला आणि निघून गेला. मी मात्र सगळी संध्याकाळ धुमसत होते. त्या दिवशी लिहायला बसले आणि चार पानं शिव्यांची लिहिली. ती पानं दुसऱ्या दिवशी वाचली तेव्हा त्यात एकही माणूस नव्हता, नुसती मीच होते. फाडून टाकली. रागात लिहू नका असं मी कुणाला सांगणार नाही. राग आला नसता तर मी एक ओळ लिहिली नसती. पण पहिल्या दिवशीचा राग स्वतःचीच बडबड ऐकत बसतो. त्याला जरा जुना होऊ द्यावा लागतो, म्हणजे तो दुसऱ्याकडं बघायला लागतो.

राज्य फुटलं. शहरात फटाके वाजले, आमच्या गल्लीत मिठाई वाटली गेली, मीही खाल्ली. राजधानी पहिली काही वर्षं दोघांची एकच राहणार होती, म्हणून आमच्या हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. एका बाजूला एका राज्याचं खातं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं. फायली लाल फितीत बांधून वाटल्या गेल्या, कपाटं वाटली, पंखे वाटले. भांडण झालं ते वॉटर कूलरवरून. अक्काचं टेबल भिंतीच्या पलीकडं गेलं. आम्ही जिन्याच्या वळणावर बसून जेवायला लागलो. तिथं ना हे राज्य ना ते. येणारे-जाणारे आमच्या डब्यांवरून पाय टाकून जायचे आणि मी सांगत राहायची.

कादंबरी संपत आली तेव्हा अक्काचं ऑफिस विजयवाड्याकडं हललं. तिचा नवरा आजारी होता, घर इथं होतं, नातवंडं इथं होती. तिला जायचं नव्हतं. कागदावर ती तिकडची होती म्हणून गेली. जायच्या दिवशी तिनं विचारलं की त्या बाईचं पुढं काय झालं. मी म्हटलं, मला अजून माहीत नाही. ती म्हणाली, माहीत झालं की फोन कर. मला तिच्यासाठी रडू यायला हवं होतं. आला तो राग. ज्यांनी नकाशावर रेघ मारली त्यांच्यातला कुणीही त्या जिन्यावर जेवायला बसणार नव्हता.

पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशनानं घेतलं. त्यांचे संपादक फोनवर फार अदबीनं बोलायचे. त्यांना कादंबरी आवडली होती, विषय नवा वाटला होता. फक्त भाषेवर थोडे संस्कार करावे लागतील म्हणाले. मी विचारलं, कुठले. ते म्हणाले, बोलीभाषेमुळे वाचक अडखळतो, त्यात पुन्हा उर्दू आणि तेलुगू, म्हणजे कोकणातल्या किंवा विदर्भातल्या वाचकानं काय करायचं. मी सांगितलं की निवेदन मी स्वतःच साध्या मराठीत लिहिलंय, त्यात काय शुद्धलेखन सुधारायचं ते सुधारा. संवादांना हात लावू नका. वखारीतल्या बायका ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हणतात, ‘परेशान’ होतात, तशाच राहू द्या. ते म्हणाले, अर्थातच मॅडम. पहिली प्रुफं आली ती मी तपासून पाठवली. सगळं जागेवर होतं. शेवटची प्रुफं आली नाहीत. विचारलं तर म्हणाले, आता फक्त किरकोळ दुरुस्त्या आहेत, तुम्ही निश्चिंत राहा.

निश्चिंत राहा असं कुणी म्हणालं की नवीन लिहिणाऱ्यानं तिथंच थांबावं आणि शेवटची प्रुफं मागावीत. तोंडी नाही, लेखी. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रकाशन हैदराबादलाच झालं, इथल्या एका मराठी मंडळाच्या हॉलमधे. पुस्तकं पुण्याहून त्याच दिवशी दुपारी आली. संपादक स्वतः आले होते. आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं, पांढरी साडी, हातात रुमाल. तिला शाल दिली तेव्हा ती उठून सगळ्या हॉलकडं वळली आणि जयभीम म्हणाली. काही लोकांनी उत्तर दिलं, काहींनी नमस्कार केला, काही खाली बघत राहिले. मग मला एक प्रसंग वाचायला सांगितलं. मी अर्थातच वखारीतला प्रसंग काढला, जिथं ती बाई सेठला विचारते.

मी जे लिहिलं होतं ते असं होतं: “पाणी वरून वतता, मजुरी वरून टाकता. आमच्या हातची चिंच मातर घरात नेऊन खाता. चिंचेला इटाळ होत नाही का हो सेठ?”

पानावर छापलं होतं: “मालक, आम्हीसुद्धा माणसंच आहोत.”

मी आधी समजले की चुकीचं पान उघडलं. वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. पान तेच होतं. वरून ओतलेलं पाणी गेलं होतं. चिंच गेली होती. सेठ मालक झाला होता. मागच्या पानावर एक बाई ‘हौ’ म्हणायची ती ‘होय’ म्हणत होती. माईक माझ्या तोंडासमोर होता आणि हॉलमधे कुणीतरी खोकलं.

मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं की हे वाक्य माझं नाही. मग मी तो प्रसंग न वाचता सांगितला, जिन्यावर सांगितला होता तसा. मराठीत, पण त्या बायकांच्या मराठीत. सांगताना माझा आवाज चढत गेला हे मला कळत होतं. संपल्यावर मागच्या बाजूनं टाळ्या आल्या, पुढच्या बाजूनं नाही. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी आपल्या भाषणात लेखिकेच्या भावना समजून घ्यायला हव्यात असं म्हटलं आणि चांगल्या प्रसंगी कटुता टाळावी असंही म्हटलं. भावना कुठं होत्या? मी एक वाक्य बदललं गेल्याचं सांगितलं होतं.

चहाच्या टेबलापाशी संपादक आले. चेहरा उतरलेला होता. ते काही दुष्ट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणावं लागतं आणि त्यानंच जास्त राग येतो. ते म्हणाले की ते विटाळाचं वाक्य वाचकाला टोचलं असतं, पुस्तकाला जातीचं लेबल लागलं असतं, आणि माणुसकीची गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचते.

“मी तुमचं पुस्तक मोठं केलं, मॅडम,” ते म्हणाले. “त्या बाईला वैश्विक केलं.”

मी म्हटलं, “त्या बाईनं सेठला प्रश्न विचारला होता. तुम्ही तिला विनंती करायला लावलीत.”

 ते कप ठेवून मंडळाच्या लोकांबरोबर गाडीचं बघायला गेले.

घरी आल्यावर आईनं पुस्तक मागितलं. आई मोठेपणी वाचायला शिकलेली, धम्माच्या पुस्तिकांवर. बोट ठेवून, अक्षर लावत वाचते. मला वाटलं नको दाखवायला, पण नाही म्हणायचं कसं. तिनं ते पान काढायला लावलं, ते वाक्य बोटानं पुरं केलं आणि चष्मा काढला.

“आमी माणसं हाव हे आमाला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “हे कोणाला सांगायली ही?”

तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली की हे पुस्तक तू तुझ्या ऑफिसात ठेव. शाल तिनं ठेवून घेतली. शाल चांगली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी पुण्याला फोन करायला लागले. प्रती मागं घ्या. नाही जमणार. दुरुस्तीची चिठ्ठी छापून आत चिकटवा. बघू. पुढच्या आवृत्तीत बदला. आवृत्ती निघाली तर नक्की. प्रकाशनाचे मालक एकदा स्वतः फोनवर आले आणि म्हणाले की पहिल्या पुस्तकाला इतकं प्रेम मिळत नाही, तुम्ही आनंद घ्यायला शिका. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुस्तकाचं कौतुक झालं. एका परीक्षणात लिहिलं होतं की अशा पार्श्वभूमीतून आणि महाराष्ट्राबाहेरून येऊनही लेखिकेची भाषा आश्चर्यकारक स्वच्छ आहे. ते कात्रण मला नातेवाइकांनी अभिनंदन म्हणून पाठवलं. स्वच्छ. माझ्या आईच्या हाताला आयुष्यभर जे म्हटलं गेलं नाही ते माझ्या भाषेला म्हटलं गेलं, तेही भाषा माझी राहिली नव्हती तेव्हा.

करार पुन्हा वाचला. सही करताना नीट वाचला नव्हता अशातला भाग नाही. वाचला होता, पण काय विचारायचं ते माहीत नव्हतं. मुदत संपेपर्यंत हक्क त्यांचे होते. एका वकिलीण बाईंनी, ह्या आमच्याच समाजातल्या, सांगितलं की भांडून काही लवकर होणार नाही, मुदत संपायच्या आधी लेखी कळवून पुस्तक काढून घ्या. मी थांबले. ती वर्षं मी पुस्तकाबद्दल कुठं बोलायला गेले तर प्रत घेऊन जायची नाही. तोंडी सांगायची. लोक म्हणायचे, बाई विक्षिप्त आहे.

पुढं नांदेडच्या एका लहान प्रकाशनानं दुसरी आवृत्ती काढली. अक्षरजुळणी करणारी मुलगी तिकडचीच होती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तरीही मी रजा टाकून गेले आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून शेवटचं पान होईपर्यंत बसले. प्रकाशकाला ते अपमानास्पद वाटलं. वाटू दे. कागद साधा आहे, मुखपृष्ठ मला आवडलं नाही, पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती मिळत नाही. ग्रंथालयांत जुनीच आवृत्ती आहे आणि विद्यार्थी तीच वाचतात. म्हणजे मी जिंकले असं म्हणायची सोय नाही. जिथं कुठं ती पहिली प्रत उघडली जाते तिथं ती बाई अजून विनंतीच करते.

नांदेडची आवृत्ती छापून आल्यावर अक्काला फोन केला. तिला शेवट सांगितला. ती म्हणाली, सेठनं उत्तर काय दिलं? मी म्हटलं, उत्तर दिलं नाही, कामावरून काढलं. ती म्हणाली, बरोबर, असंच करतात. मग नवऱ्याचं कसं आहे, तिकडं पाणी कसं आहे, असं बोललो.

गेल्या वर्षी इथल्याच एका मंडळानं नव्या लेखकांसाठी शिबिर घेतलं आणि मला बोलावलं. माझ्या आधी एक नावाजलेले कादंबरीकार बोलले. पहाटे उठा, एक स्वतंत्र खोली ठेवा, फोन बंद ठेवा, रोज ठरलेला मजकूर लिहा, आणि सर्वात आधी भाषा शुद्ध करा. समोर बसलेले लिहून घेत होते. त्यांत एक मुलगी होती, आयटीत नोकरी करणारी, हैदराबादच्या मराठी घरातली तिसरी पिढी. तिनं उभं राहून विचारलं की तिला देवनागरी भरभर वाचता येत नाही, घरी ती अर्धं तेलुगू अर्धं इंग्लिश बोलते, तर तिनं मराठीत लिहावं का. ते म्हणाले, आधी दोन वर्षं उत्तम मराठी वाचा, मग पेन धरा. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

मी माझी तयारी करून आणलेलं बोलणं बाजूला ठेवलं. मी म्हटलं की खोली माझ्याकडं कधी नव्हती, पहाट स्वैपाकाची होती, आणि माझी शुद्ध केलेली भाषा ग्रंथालयात ठेवलेली आहे, ज्याला बघायची त्यानं बघावी. मग हे सगळं सांगितलं, वखार, जिना, भिंत, ते पान. त्या मुलीला म्हटलं, आजच लिहायला लाग, आणि तुझ्या घरात जसं बोलतात तसं लिही.

शिबिरानंतर तिनं मला एक गोष्ट वाचायला दिली. मी तिथंच बाकावर बसून वाचली. आणि मला पुन्हा राग आला, ह्या वेळी तिचा. मराठी शब्द सहज येत असताना तिथंही इंग्लिश टाकलेलं, वाक्यं अर्धी सोडलेली, आणि आजीच्या तोंडी असं बोलणं जे कुठलीच आजी बोलत नाही. मी तिला तसं सांगितलं. तुझ्या घरची भाषा आणि तुझा आळस ह्या दोन गोष्टी आहेत, पहिलीसाठी मी कुणाशीही भांडेन, दुसरीसाठी नाही. आजीजवळ बसून ऐक आणि मग लिही. तिचा चेहरा पडला. तिनं कागद घेतले, थँक्यू म्हणाली आणि गेली. ती लिहिते का सोडून दिलं, मला माहीत नाही. मी गोड बोलायला हवं होतं असं मंडळाच्या चिटणीस बाईंनी नंतर सुचवलं. तिला गोड बोलणारे पुष्कळ भेटतील. नंतर तिचं वाक्य बदलणारेही त्यांच्यातलेच असतील.

त्याच चिटणीस बाईंनी पुढच्या आठवड्यात फोन केला की स्मरणिकेत तुमचं भाषण छापायचंय, लिहून द्या, पण जरा सौम्य करून. मी विचारलं, कुठं सौम्य करू. त्या म्हणाल्या, तसं काही विशेष नाही, ते पुण्याचं आणि चिंचेचं तेवढं. मी नको म्हटलं आणि फोन ठेवला.